नागद्वार यात्रा: आईचे गुडघे दुखतात, मंडळासोबत जावं की गाइडसोबत?

नंदनवनची लेक

नमस्कार मंडळी. आईला यंदा नागद्वारला, म्हणजे मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरातल्या नागदेवाच्या यात्रेला न्यायचं आहे. जे जाऊन आले आहेत त्यांनी कृपया सांगा.

आईचं वय ६३. बीपीची गोळी रोज सुरू आहे आणि डावा गुडघा दोन वर्षांपासून त्रास देतो. सपाटीवर चांगली चालते, पण जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरते. तरी ऐकायला तयार नाही, कारण नवस तिच्यासाठी बोललेला आहे. लग्नानंतर सात वर्षं तिला मूल नव्हतं. आजीने पद्मशेष बाबाला, म्हणजे तिथल्या नागदेवाला काजळ वाहायचं बोललं. मग मी झाले, भाऊ झाला, आजी गेली, बाबांचं आजारपण आलं, आणि चौतीस वर्षं निघून गेली. मागच्या महिन्यात आईने देवघराच्या फळीवरून एक पितळेची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. आत काजळ वाळून त्याला पापुद्रे सुटले होते. "तुया जन्माच्या वेळचं आहे," एवढंच म्हणाली. त्यानंतर मला नाही म्हणता आलं नाही.

आमच्या गल्लीतलं मंडळ दरवर्षी ट्रॅव्हल्स करून जातं, साठ-सत्तर माणसं असतात. दुसरीकडे एक ट्रेकवाले आहेत, पंधरा जणांचा गट आणि सोबत दोन गाइड, पैसे मंडळाच्या तिप्पट. भाऊ पुण्याला असतो, त्याला सुट्टी नाही. म्हणजे आईसोबत मी एकटी. कोणासोबत जाऊ? आणि खरं सांगा, या गुडघ्याने होईल का?

जुना यात्रेकरू

ताई, मी १९९६ पासून जातो. करोनाची वर्षं आणि घरातलं एक लग्न सोडलं तर खंड नाही.

मंडळ की गाइड हे नंतर ठरवा. आधी दोघांनाही एकच विचारा: सगळ्यात शेवटी कोण चालणार? ज्याला याचं उत्तर लगेच देता येत नाही, त्याच्यासोबत आईला पाठवू नका.

हे मी का सांगतो ते ऐका. २०११ मध्ये माझी थोरली वहिनी आमच्यासोबत होती. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका गटात गेलो होतो, वाटाड्या तरुण आणि वाट पाठ असलेला. पण तो चपळ पोरांच्या नादाने पुढे पुढे गेला. मीही त्यांच्यातच होतो, हे मला आजही लागतं. वहिनी शिडीपाशी मागे राहिली, पाऊस सुरू झाला आणि फाट्यावर ती भलत्या वाटेला लागली. आम्हाला ती मुक्कामावर पोहोचल्यावर आठवली. मी परत फिरलो तेव्हा ती एका कातळाखाली बसली होती, आणि अमरावतीकडची एक अनोळखी बाई आपला गट सोडून दोन तास तिचा हात धरून बसलेली. त्या बाईचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. त्या दिवसापासून आमच्या मंडळात सगळ्यात हळू चालणारं माणूस सगळ्यात पुढे असतं आणि मी सगळ्यात मागे. पुढचा हळू चालला की मागच्यांना आपोआप दम मिळतो, कोणी कोणाला सोडून जात नाही.

आता वाटेबद्दल. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली, मग पचमढी. एसटी यात्रेच्या दिवसांत नागपूरच्या गणेशपेठ स्थानकावरून जादा गाड्या सोडते. बरीच मंडळं जाताना सौंसरजवळ जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतात. पचमढीहून धूपगडच्या रस्त्याने जीप सोडते, तिथून पायी. वाट बाराएक किलोमीटरची, जाऊन यायला दोन दिवस धरा. आकड्यावर जाऊ नका. सपाटीवरच्या बारा किलोमीटरसारखे हे बारा नव्हेत. चढ, उतार, ओढा, परत चढ, असे सात डोंगर मोजतात लोक. हा सगळा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, म्हणून वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस वाट उघडते. एरवी जाता येत नाही. त्यामुळे "यंदा अर्ध्यातून आलो, दिवाळीत परत जाऊ" असं इथे होत नाही.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. नागपंचमी म्हणजे अमावास्येनंतरची पाचवी तिथी. यात्रेच्या दिवसांत पहाटे आकाशात चंद्र जवळपास नसतोच, असला तरी कोर, आणि वर ढग. लोक गर्दी टाळायला रात्री दोन-तीनला निघतात. तुम्ही उजाडल्यावरच निघा. गर्दी परवडते, अंधारातला ओला दगड परवडत नाही. तरी डोक्याला बांधायची बॅटरी दोघींकडे हवी. हातातली नको, हात मोकळे लागतात.

हात कुठे लागतात तर लोखंडी शिड्यांवर. पावसाने शिडी ओली असते, आणि वरच्याच्या पायाचा चिखल खालच्याच्या बोटांवर पडत राहतो. चढताना आईच्या मागे तुम्ही. उतरताना आधी तुम्ही उतरा, मग आई, तोंड शिडीकडे करून. तिला खालची पायरी दिसत नाही, पाय हवेत चाचपडतो आणि तिथेच माणूस घाबरतो. तुम्ही तिचा घोटा धरून तळवा पायरीवर टेकवा आणि म्हणा, "टेकला, सोड भार." मगच दुसरा पाय. हे काम अनोळखी पोराने केलं की बायका संकोचतात आणि घाई करतात. म्हणून तुम्हीच करा. मागचे ओरडतील, ओरडू द्या.

खाण्याची चिंता करू नका. वाटेवर विदर्भातल्या मंडळांचे भंडारे असतात, ताडपत्रीखाली बसवून आग्रहाने वाढतात. काजळी गावाशी पोहोचलात की आईला थोडं बसू द्या. तिथली गोष्ट तिला माहीत असेल: काजरी नावाच्या बाईने मूल व्हावं म्हणून नागदेवाला काजळ घालायचा नवस केला, आणि फेडायला गेली तेव्हा देवाचं विक्राळ रूप पाहून तिथेच तिचा प्राण गेला. गाव तिच्या नावाचं. माझी आई तिथे न बोलता हात जोडायची.

फिजिओ, धरमपेठ

गुडघा पाहिल्याशिवाय होईल की नाही हे मी सांगणार नाही. सूज येते का, मध्येच अडकतो का, अचानक दगा देतो का? यातलं एकही "हो" असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

हे काहीच नसेल तर दोन महिने हाताशी धरा. तुम्ही लिहिलंय की उतरताना त्रास होतो, आणि या वाटेवर खरा कस उतरतानाच लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावतो, तो कमजोर असला की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता हळूहळू उठणं-बसणं, हे रोज. पायऱ्यांचा नियम पाठ करून घ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे आईच्या उजव्या हातात.

बीपीची गोळी प्रवासात बंद करू नका. त्यात लघवी जास्त होणारं औषध असेल तर दिवसभर चालताना ते कसं घ्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि सराव सपाटीवर करून उपयोग नाही. रविवारी आईला रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढवा-उतरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते लिहून ठेवा. चढताना काय वाटलं यापेक्षा ती नोंद महत्त्वाची.

उमरेडची सून

माझं थोडं वेगळं म्हणणं आहे जी. माझ्या सासूबाईंचाही असाच नवस होता. त्या पचमढीपर्यंत आल्या, तिथल्या जटाशंकरच्या गुहेत महादेवाचं दर्शन घेतलं आणि धर्मशाळेत थांबल्या. त्यांच्या हातचं काजळ माझ्या नवऱ्याने वर नेऊन वाहिलं. नवसाचं लेकरूच काजळ घेऊन गेलं, यात कमी काय राहिलं? आम्ही परत आलो तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या बोटाला राहिलेलं काजळ आपल्या डोळ्याला लावून घेतलं. आईला हेही सांगून पाहा.

जुना यात्रेकरू

सूनबाई, तुमचं बरोबर आहे. मी तो विचार केला नव्हता.

नंदनवनची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

दोघांनाही फोन करून "शेवटी कोण चालणार" विचारलं. ट्रेकवाले म्हणाले, सगळे एकाच गतीने चालतात. मंडळाच्या काकांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "मी आणि माझी बायको, अठरा वर्षं झाली." मंडळाकडे नाव दिलं.

डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे पाहून सराव करायला हरकत नाही म्हटलं. काल रामटेकला गेलो. आईने वर जाताना दोनदा आणि उतरताना पाचदा बसून घेतलं. आज सकाळी गुडघा थोडा जड आहे, सूज नाही. असे सहा रविवार करायचे, आणि सहाव्या रविवारनंतर सूज आली तर ती पचमढीत थांबेल, वर मी जाईन. उमरेडच्या ताईंचं मी तिला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण आधी मले चालून तर पाहू दे."

एक शेवटचं विचारायचं होतं. त्या डबीतलं काजळ पार वाळलंय. तेच वाहायचं की नवं पाडायचं?

जुना यात्रेकरू

जुनं खरवडू नका. तुपाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून आईलाच नवं पाडू द्या, आणि त्याच डबीत जुन्यावर थोडं तूप घालून कालवा. झाकण सुती दोऱ्याने बांधून डबी प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि आईच्या कमरेच्या बटव्यात ठेवा. पाठीवरच्या पिशवीत नको, ती शिडीपाशी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते.