स्लॅब गळतोय: डागडुजी करावी की पाडून नवा घालावा? (पुणे, १९८३चा बंगला)

टेकडीपायथा

नमस्कार मंडळी,

सहकारनगरमध्ये आमचा छोटा बंगला आहे, सासऱ्यांनी १९८३ साली बांधलेला. तळमजला आणि वर एक मजला. गच्चीवर जुना विटांचा कोबा (पाणी अडवायला घातलेला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), त्यावर चायना चिप्स, म्हणजे फुटक्या चिनी लाद्यांचे तुकडे. पूर्वी किरकोळ ओल यायची. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्या पावसापासून मात्र गळती वाढतच चालली आहे. गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीच्या छताचा मोठा खपला पडला, तोही सासूबाईंच्या पलंगाशेजारी. आत पापुद्रे सुटलेली तांबूस सळई दिसते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालच्या कोपऱ्यात भिंतही ओली असते.

तीन ठेकेदारांना दाखवलं. एक म्हणतो, वरून केमिकलचे दोन हात मारतो, काळजी मिटली. दुसरा म्हणतो, तोडफोड नको, आहे त्याच कोब्यावर नवा कोबा घालू. तिसरा म्हणाला, "ताई, चाळीस वर्षं झाली, आता पाडा आणि नवा स्लॅब घाला." शेजारचे काका पत्र्याची शेड सुचवतात. चौघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सासूबाई घर सोडून राहायला तयार नाहीत, आणि त्यांच्या डोक्यावर असं छत ठेवणं मला मंजूर नाही. मृगाच्या आत काम व्हायला हवं. काय करावं?

जुना_अभियंता

ताई, सर्वांत आधी त्यांचा पलंग त्या खोलीतून हलवा. आजच. बाकीचं सावकाश ठरवू.

तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ठेकेदारांनी त्यांचा एक करून टाकला आहे. पाणी आत येतं, हा कोब्याचा प्रश्न. सळई गंजली, हा स्लॅबचा प्रश्न. कोबा पूर्ण निकामी असूनही खालचा स्लॅब ठणठणीत असू शकतो. उलटही होतं: वरून नवं कोरं वॉटरप्रूफिंग आणि आत सळईचा भुगा. म्हणून नुसतं वय ऐकून पाडायला निघू नका आणि गळती थांबली म्हणून निर्धास्तही होऊ नका. निर्णय सळईची अवस्था बघून घ्यायचा.

ती कशी बघायची? हलक्या हातोडीने सगळं छत ठोकून घ्या. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द जागांवर खडूने खुणा करा. या खुणा टाकीखाली आणि कडेलाच सापडल्या तर दुरुस्ती पुरेल. छतभर पसरलेल्या असतील तर पाडण्याचा विचार करायचा. मग खुणांच्या आतल्या आणि बाहेरच्याही काही जागा फोडून सळई उघडी करायची, तारेच्या ब्रशने गंज काढायचा आणि उरलेला व्यास कॅलिपरने मोजायचा. वरवरचा गंज असेल तर ती सळई वाचते. जाडी बरीच उतरली असेल तर शेजारी नवी सळई जोडावी लागते. किती उतरली म्हणजे जोडायची, हा आकडा तुमच्या स्लॅबचा हिशेब करून इंजिनिअरच सांगेल.

नुकत्याच फोडलेल्या जागी काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन नावाचं रसायन फवारायला सांगा. स्वस्त आणि फार उपयोगी चाचणी आहे. काँक्रीटमधला अल्कधर्मी गुण टिकून असेल तर तो भाग गुलाबी होतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण संपला असेल तर रंग येत नाही. हा बेरंग थर सळईपर्यंत पोचला की सळईचं संरक्षण गेलं, मग ओल मिळाली की ती गंजणार. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. तुमच्याकडे पडलेला खपला त्यातलाच.

दुसऱ्या ठेकेदाराचं अजिबात ऐकू नका. चार-साडेचार इंचाच्या विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात माणसं आणि सामान मिळून जो भार धरतात तो चौरस मीटरला १५० किलो. म्हणजे दुसरा कोबा चढवला की तो सगळा भार एकटा तोच खाऊन टाकतो, आणि तेही गंजलेल्या स्लॅबवर. नवा कोबा हवा तर जुना काढूनच.

धनकवडीकर

आमच्या रो-हाउसचं नुकतंच करून घेतलं. सगळे म्हणत होते स्लॅब गेला. कोबा काढायच्या आधी आम्ही गच्चीवर विटांचे छोटे बांध घालून एकेका भागात पाणी तुंबवलं आणि प्रत्येक भाग दोन दिवस तसाच ठेवला. मधल्या भागातून थेंबही आला नाही. पाणी येत होतं कठड्याच्या सांध्यातून आणि पावसाळी पाइपाच्या तोंडाशी. तिथला वाटा, म्हणजे स्लॅब आणि कठडा यांच्यामधली गोलाई, तडकून सुटली होती. वाटा फोडून नीट भरला, कठड्याला आतून बाहेरून प्लास्टर केलं, गळती बंद.

तुमच्याकडे टाकीखाली ओल आहे म्हणता. टाकी रिकामी करून काही दिवस बघा. उन्हाळ्यातही ओल येत असेल तर त्यात पावसाचा काय दोष? नळजोड नाहीतर ओव्हरफ्लो बघा.

आणि छताला आतून वॉटरप्रूफ रंग लावू नका. पाणी वरूनच अडवायचं असतं, खालून कोंडलं तर ते स्लॅबमध्येच मुरतं.

कसब्यातली

आमचं प्रकरण वेगळं, पण लिहिते, कारण इथे वाड्यातले लोकही वाचत असतील. आमच्याकडे मंगलोरी कौलं आहेत. कौलारू घरात "दुरुस्ती की नवं" हे दरवर्षीच थोडं थोडं ठरत असतं: वैशाखात शाकारणी, फुटलेली कौलं बदलायची, मांजरांनी सरकवलेली बसवायची. आम्हालाही कौलं उतरवून पत्रा टाकायचा सल्ला मिळाला होता. सुताराने वासे टोचून बघितले तर सागाचे वासे घट्ट, वाळवी लागली होती ती फक्त रिपांना, म्हणजे कौलं टेकतात त्या बारीक पट्ट्यांना. रिपा बदलल्या, जुनीच कौलं धुऊन परत चढवली. उन्हाळ्यात खाली बसवतं तरी. पत्रा टाकलेल्या शेजाऱ्यांकडे दुपारी माळ्यावर पाय ठेववत नाही.

टेकडीपायथा

सर्वांचे मनापासून आभार. पलंग त्याच दिवशी पुढच्या खोलीत हलवला. पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंना बोलावलं आहे. शेडबद्दल कुणी सांगेल का? घरी अजूनही सगळ्यांचा ओढा तिकडेच आहे.

जुना_अभियंता

शेडने पाऊस आणि ऊन अडतं, हे खरं. पण टाकीची आणि नळाची गळती चालूच राहते आणि गंजलेली सळई तशीच लटकत राहते, फक्त ती आता कुणी बघत नाही. शेडचे खांब कठड्यात किंवा कोबा फोडून स्लॅबमध्ये ठोकतात, तिथून पाण्याला नवी वाट मिळते. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून सांगाड्याची पकड हिशेबाने करावी लागते. शिवाय पालिकेच्या बांधकाम विभागात आधी विचारल्याशिवाय गच्चीवर काहीही उभं करू नका. स्लॅब नीट केल्यावर हवी असेल तर शेड घाला, दुरुस्तीच्या ऐवजी नको.

एक फार महत्त्वाचं राहिलं. तुमच्याकडे बाहेर झुकलेली, म्हणजे खाली खांब नसताना भिंतीबाहेर काढलेली गॅलरी किंवा छज्जे आहेत का? साध्या स्लॅबमध्ये खोलीच्या मध्यावर मुख्य सळई खालच्या बाजूला असते, म्हणून बिघाड छतातून दिसतो. झुकलेल्या गॅलरीत मुख्य सळई वरच्या बाजूला असते. वरून मुरलेलं पाणी थेट तिच्यावर जातं आणि खालून बघणाऱ्याला प्लास्टर सुबक दिसत राहतं. अशा गॅलऱ्या फारशी सूचना न देता खाली येतात. इंजिनिअर बाईंना गॅलरी वरून फोडून दाखवायला सांगा.

टेकडीपायथा

तपासणी झाली. आम्ही सगळे गच्चीवर होतो, सासूबाईसुद्धा जिना चढून आल्या.

छतात बद्द आवाज आला तो मागच्या खोलीचा टाकीकडचा भाग आणि जिन्याजवळची एक पट्टी. बाकी ठिकाणी फोडलं तिथे फवारा मारताच काँक्रीट गर्द गुलाबी झालं, सळई काळी आणि कोरडी. टाकीकडे मात्र सळईपर्यंत रंगच चढला नाही. गॅलरीबद्दल तुम्ही म्हणालात तेच निघालं. खालून डाग नाही, आणि वरून लादी काढल्यावर सळया जागोजाग निम्म्याही उरलेल्या नाहीत. तिथे सासूबाई रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला उभ्या राहतात. ती गॅलरी आम्ही कुलूप लावून बंद केली आहे.

ठरलं ते असं. मुख्य स्लॅब पाडायचा नाही. टाकीकडचा भाग जॅकवर तोलून खराब काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, गंज साफ करून सळईला गंजरोधक लेप, जिथे बारीक झाली तिथे नवी सळई, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरायचं. जुना कोबा पूर्ण उतरवून उताराचा नवा, कठड्याला वाटा, आणि पाणी तुंबवून बघितल्यावरच चायना चिप्स. टाकी स्लॅबच्या मध्यातून काढून तुळई आणि भिंतीच्या डोक्यावर घ्यायची. गॅलरी पाडून नवी, त्या कामाच्या परवानगीचं इंजिनिअर बाईच बघणार आहेत.

काम दोन टप्प्यांत असल्याने सासूबाई पुढच्या खोलीत राहू शकतील. पाडकामाचे दिवस त्या नणंदेकडे कोथरूडला जायला तयार झाल्या आहेत.

धनकवडीकर

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस बघून मगच द्यायची. आणि राडारोडा पालिकेने ठरवून दिलेल्या जागी टाकल्याची पावती मागायची, नाहीतर रात्रीतून ट्रॅक्टर ओढ्यात रिकामा होतो आणि पुढच्या पुरात ते पाणी आपल्याच गल्लीत शिरतं.

टेकडीपायथा

दोन्ही लिहून घेते. कोबा उतरवायला सोमवारी सुरुवात आहे, फोटो इथेच टाकेन.