संपादकांचं पत्र आलंय. कादंबरीला हात कुठून घालू?

निळी_शाई
पहिलीच कादंबरी, १,१०,००० शब्दांची. प्रकाशकांनी तत्त्वतः होकार दिलाय. आता संपादकांचं लांबलचक पत्र आलंय आणि वर्डच्या फाइलचा समास कमेंट्सनी भरून गेलाय. पत्रात मुख्य मुद्दे तीन. गोष्ट खरी सुरू होते चौथ्या प्रकरणात. ८ ते १४ रेंगाळतं. आणि आत्याचं निवेदन काढून टाका, सगळं भाचीच्याच तोंडून येऊ द्या.

पहिले दोन निमूट मान्य. तिसऱ्याशी घोडं अडलंय. आत्याची प्रकरणं सहाच आहेत, पण माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं गद्य तिथेच आहे. तोवर समासातल्या कमेंट्स निस्तरत बसलेय: इथे विशेषण जास्त, इथे 'तो' म्हणजे कोण. काम होतंय असं वाटतं खरं. पण हे बरोबर चाललंय का? आणि संपादकांना 'नाही' कसं म्हणतात?

कोरा_कागद
कमेंट्स आधी झाका. ज्या पानावरचं विशेषण आज खुडताय, ते पानच उद्या जाणार असेल तर? शुद्धलेखन, वाक्यरचना हे सगळ्यात शेवटी. आणि मूळ फाइलची वेगळी प्रत ठेवा, म्हणजे कापताना हात कापत नाही.

दुसरा_खर्डा
वरचं पटतं. पुढचं जरा सविस्तर लिहितो, कारण या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

फाइल उघडूच नका. एक तक्ता करा. दर प्रसंगाला एक ओळ, आणि तीन रकाने: कोणाच्या नजरेतून, वाचकाला नवीन काय कळलं, आणि प्रसंग संपताना वाचक कशाची वाट बघतोय. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. 'वातावरणनिर्मिती' हे उत्तर चालणार नाही.

'रेंगाळतं' ही तक्रार जिथे केलेली असते, तिथे तिचं कारण क्वचितच असतं. नववं प्रकरण कंटाळवाणं वाटतं ते बहुधा पाचव्या-सहाव्यात काहीतरी सांगून टाकल्यामुळे किंवा सांगायचं राहिल्यामुळे. तिथे न बघता नववं प्रकरण नुसतं आखूड केलं, तर ते आखूड आणि कंटाळवाणं होतं.

आत्याचं म्हणाल, तर तिच्या प्रकरणांतली कोणती माहिती फक्त तिलाच आहे, त्याची वेगळी यादी करा. पात्राचा आवाज काढला तरी ती माहिती कुठेतरी जाऊन बसावीच लागते. अमेरिकन कादंबरीकार फिट्झजेराल्डचं उदाहरण बघा. नोव्हेंबर १९२४ मध्ये मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाने 'द ग्रेट गॅट्सबी'चं हस्तलिखित वाचून त्याला कळवलं की गॅट्सबीच धूसर वाटतो, आणि त्याचा पूर्वेतिहास एकगठ्ठा येतो त्याऐवजी थोडा थोडा यावा. फिट्झजेराल्डने गॅली प्रुफांवर, म्हणजे छपाईआधी तपासायला येणाऱ्या लांब कागदांवर, फेरफार केले, तो इतिहास फोडला, काही भाग आधीच्या प्रकरणात नेला. पुस्तक एप्रिल १९२५ मध्ये आलं. बराचसा मजकूर तोच होता, जागा बदलल्या.

निळी_शाई
तक्ता केला, आणि जरा हादरलेच. भाचीचे वडील घर सोडून का गेले, हे आत्या सहाव्या प्रकरणात वाचकाला सांगून मोकळी होते. मग ८ ते १४ भाची तेच शोधत हिंडते! म्हणजे संपादकांचे दोन मुद्दे मुळात एकच आहेत. मग काय, आत्याला रजा द्यायची?

आडवी_रेघ
इतकी घाई नको. वाचकाला आधीच माहीत असणं हा दोष नव्हे. माहीत असल्यामुळे त्याला भीती वाटली पाहिजे, एवढंच. भाची ज्याच्यावर विश्वास टाकतेय तोच माणूस यात गुंतलाय हे वाचक जाणतो आणि ती जाणत नाही, असं असेल तर मी ती सातही प्रकरणं वाचेन. तुमच्याकडे तसं कोणी आहे का?

निळी_शाई
नाही. तिच्या शोधात कसलाच धोका नाहीये.

दुसरा_खर्डा
मग सहावं जाऊ द्या. पण सहाच्या सहा प्रकरणं का? संपादकांना खुपलंय ते गुपित आधी फुटणं; काढून टाका हा त्यांनी सुचवलेला एक उपाय झाला. भाचीला कळल्यानंतर आत्या बोलली तर तिचं बोलणं खुलासा राहत नाही, कबुलीजबाब होतो. शेवटची दोन प्रकरणं तशी राहतील का बघा. सहाव्याच्या जागी भाचीला फक्त एवढंच दिसू दे: वडिलांचं पत्र आत्या पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाचते, पण कागद घड्यांवर इतका विरलाय की दोन ठिकाणी आरपार दिसतं. आत्या खोटं बोलतेय हे कळलं, का ते कळलं नाही. पुढची प्रकरणं त्यावर चालतात.

आणि 'नाही' म्हणायचं ते काम करून झाल्यावर नको, आत्ताच म्हणा. छोटी मेल: तुमचा मुद्दा पटला, कारण मला अमुक सापडलं, निवेदन पूर्ण न काढता असं करू पाहतेय, चालेल का? चांगल्या संपादकाला स्वतःचाच उपाय हवा असतो असं नाही. 'ते गद्य माझं आवडतं आहे' हे मात्र लिहू नका. त्यावर त्यांनी काय म्हणायचं?

कोरा_कागद
खर्डा परत पाठवताना सोबत पानभर टिपण द्या: काय केलं, काय वेगळ्या रीतीने केलं, काय मुद्दाम तसंच ठेवलं. दर कमेंटखाली वाद घालत बसू नका.

निळी_शाई
मेल पाठवली. पहिल्या तीन प्रकरणांतलं काही लागेल असं वाटत नाही, फक्त भाचीचं वय तिथेच एकदा आलंय.

आडवी_रेघ
वयाबरोबर सालंही तपासा. प्रकरणं हलली की 'गेल्या पावसाळ्यात' आणि 'तेव्हा मी सातवीत होते' असली वाक्यं हमखास खोटी पडतात. 'गेल्या', 'तेव्हा', 'परवा' हे शब्द फाइलमध्ये एकेक शोधून बघा. प्रूफ तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटतात.