पतसंस्थेच्या फोनवरील मराठी सूचना: निवेदिकेकडून नेमके काय म्हणून घ्यावे?

सातारकर:
नमस्कार. आमच्या पतसंस्थेत आजवर स्वागताच्या चार ओळी एका सहकारी भगिनींनी मोबाइलवर बोलून दिलेल्या होत्या आणि त्याच ईपीएबीएक्सवर (कार्यालयातील फोन जोडणाऱ्या यंत्रावर) वाजत असत. आता बचत खात्यातील शिल्लक आणि कर्जाच्या हप्त्याची तारीख सभासदांना फोनवरच ऐकता यावी, अशी यंत्रणा आम्ही बसवत आहोत. बसवणाऱ्याने शून्य ते नऊ एवढेच आकडे मागितले. चाचणीत ४,७५० रुपयांची शिल्लक 'चार, सात, पाच, शून्य रुपये' अशी ऐकू आली, आणि आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी तो खाते क्रमांक समजून फोन ठेवून दिला. आता सर्व सूचना व्यावसायिक निवेदिकेकडून नव्याने करून घेण्याचे संचालक मंडळाने ठरवले आहे. तिच्यापुढे कोणती यादी ठेवावी?

टेलिफोनवाला:
इंग्रजीत एक ते एकोणीस आणि वीस, तीस अशी पुढची दशके एवढे शब्द असले, की नव्याण्णवपर्यंतची कोणतीही संख्या दोन तुकडे जोडून बोलता येते. मराठीत ते जमत नाही. 'सत्तर' आणि 'पाच' जोडून पंचाहत्तर होत नाही, आणि एकोणऐंशी तर पुढच्या दशकातून एक वजा करून मोजलेला आहे. म्हणून शून्य ते नव्याण्णव हे शंभरही शब्द स्वतंत्र फायलींत हवेत. नेमके शंभर असतील तर 'शंभर', पण पुढे काही असेल तर 'एकशे'. तेव्हा एकशे ते नऊशे हे नऊ शब्द वेगळे घ्या, आणि त्यांच्या जोडीला हजार, लाख, कोटी. 'रुपया' आणि 'रुपये' दोन्ही विसरू नका. आपली रक्कम मग चार, हजार, सातशे, पन्नास, रुपये अशा पाच फायली ओळीने वाजवून बोलली जाईल. यंत्रणा ॲस्टरिस्क या फोन यंत्रणेच्या सॉफ्टवेअरवर असेल, तर हे जोडणीचे नियम भाषेनुसार लिहून ठेवण्याची सोय तिच्यात आहे. खाते क्रमांक मात्र सुट्या अंकांतच वाचावा.

पुण्याचा रेकॉर्डिस्ट:
वरील यादी बरोबर आहे, परंतु सुराकडे लक्ष दिले नाही तर ती वाया जाईल. मराठी वाक्यात रकमेनंतर 'रुपये' येते, म्हणजे रकमेतला आकडा कधीच वाक्य संपवत नाही. त्याचा सूर वरच राहिला पाहिजे. खाते क्रमांकाचा शेवटचा अंक मात्र सूर उतरवून म्हटलेला हवा, नाही तर ऐकणारा पुढच्या अंकाची वाट पाहत राहतो. म्हणून शून्य ते नऊ हे अंक दोनदा घ्या. सगळे एकाच दिवशी, एकाच बैठकीत आणि मायक्रोफोनपासून तेवढ्याच अंतरावर बसून घ्या, कारण महिन्याभराने भरलेला एखादा शब्द लगेच उपरा वाटतो.

साध्या फोन लाइनवरून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो आणि 'स'चा बराचसा भाग त्याच्या वर असतो. त्यामुळे 'सहासष्ट' म्हणताना मधला 'हा' गिळला गेला, तर तो 'पासष्ट'च्या फार जवळ जातो. तेथे निवेदिकेला थांबवून पुन्हा म्हणायला लावा. 'पाच' आणि 'चौकशी' यांतला च दंत्य आहे. तो 'चिमणी'तल्यासारखा आला, तर सातारच्या माणसाला ते लगेच खटकेल. स्टुडिओतील मूळ फायली ४८ किलोहर्ट्झवर जपून ठेवा आणि यंत्रणेसाठी ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो अशी प्रत काढून घ्या.

वाचक:
संहितेबद्दल एक विनंती आहे. 'कर्जाच्या चौकशीसाठी दोन दाबा' असेच लिहावे. 'दोन दाबा' आधी आले, तर काम कळेपर्यंत वयस्कर माणूस आकडा विसरतो. माझ्या आईचे असे अनेकदा होते. स्वागत लांबवू नये.

सातारकर:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. महिन्यांची बारा नावे धरून सुट्या शब्दांच्या १३७ फायली होतात, पूर्ण वाक्ये वेगळी. एका रुपयाला 'आहे' आणि पुढे 'आहेत' लागेल, हे यादी करताना लक्षात आले, म्हणून शेवटचे वाक्यही दोन प्रकारे घेत आहोत. अंतिम मान्यता स्टुडिओच्या स्पीकरवर ऐकून द्यायची नाही. फोन ठेवून देणाऱ्या त्याच सभासदांच्या घरच्या लँडलाइनवर आधी त्यांना त्यांची शिल्लक ऐकवू.