वसंत येईपर्यंत: आवडत्या फुलाचा एक फोटो

विषय: वसंत येईपर्यंत आवडत्या फुलाचा एक फोटो
४ फेब्रुवारी

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आज सकाळी पडदा सरकवला, तर वाफे अजून बर्फाखालीच. कुठला वाफा कुठे संपतो तेही कळेना. म्हणून एक विनंती. कुणाची बाग असो, कुणाच्या बाल्कनीत दोनच कुंड्या असोत, प्रत्येकाने आपण वाढवलेल्या फुलाचा एकच फोटो पाठवायचा. सगळ्यात सुंदर नको, सगळ्यात आवडता हवा. आणि तो का आवडतो तेही लिहायचं.

सुरुवात मी करते. सोबत स्नोड्रॉप. गेल्या वर्षी १९ फेब्रुवारीला प्लास्टिकची पिशवी अंथरून, पालथी पडून काढला. बाहेरच्या तीन पाकळ्या लांब आणि पांढऱ्या, आतल्या तीन आखूड. आतल्या प्रत्येक पाकळीच्या टोकाला हिरवी खूण आहे. फूल मान खाली घालून असतं, त्यामुळे उभ्याने ती दिसतच नाही.

सासूबाईंना विस्मरणाचा आजार होता. त्यांच्या गोळीत गॅलँटामाइन नावाचं औषध होतं, आणि ते १९५०च्या दशकात पहिल्यांदा स्नोड्रॉपच्याच एका जातीपासून वेगळं केलं गेलं, हे मला फार उशिरा कळलं. त्या गोळीने आजार बरा होत नाही. पण काही महिने त्या मला नावाने हाक मारत राहिल्या. त्याच वर्षी शरदात मी स्नोड्रॉपचे पन्नास कंद लावले.

आता तुमचे येऊ द्या.

विषय: उत्तर: वसंत येईपर्यंत आवडत्या फुलाचा एक फोटो
४ फेब्रुवारी, रात्री

ताई, वाचून डोळे भरून आले.

माझा फोटो जांभळ्या क्रोकसचा. दुपारी साडेबाराला पूर्ण उमललेला होता. तेवढ्यात ऊन गेलं, आणि मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलून येईपर्यंत फुलं मिटायला लागली होती. पाठवलाय तो अर्ध्या मिटलेल्या फुलांचाच. मधले केशरी तंतू बघून लेक रोज विचारते, हे केशर का? खुडून दुधात घालायची तिची तयारी आहे. कुणाला नक्की माहीत आहे का?

विषय: उत्तर: उत्तर: क्रोकस आणि केशर
५ फेब्रुवारी

लेकीला कृपया थांबवा. केशराचा क्रोकस वेगळा. तो शरदात फुलतो, आणि त्याच्या फुलातून तीन लांब लाल तंतू बाहेर डोकावतात. वसंतातले क्रोकस फक्त बघायचे. आणखी एक काळजी घ्या. शरदात कोल्चिकम नावाचं अगदी क्रोकससारखं दिसणारं फूल येतं, ते अतिशय विषारी असतं. ओळखायची खूण सोपी आहे, क्रोकसला पुंकेसर तीन, कोल्चिकमला सहा. लहान मूल असलेल्या घरात ही मोजणी सगळ्यांना यायला हवी.

मिटण्याचं कारण तापमान. ऊब मिळाली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जोराने वाढते आणि फूल उघडतं. गारठा आला की उलटं होतं. त्यामुळे तुमचा अर्धवट मिटलेला फोटो मला तरी जास्त आवडला. ढग आल्याची वेळच त्यात पकडली गेली आहे.

विषय: उत्तर: फोटो फुलाचा आहे की नाही, तुम्ही ठरवा
८ फेब्रुवारी

सर्वांना नमस्कार. पाठवू की नको असं तीन दिवस चाललं होतं, कारण माझ्या फोटोत फुललेलं फूलच नाही. एक चिरलेला कांदा आहे असं वाटेल. तो ट्युलिपचा कंद आहे.

ऑक्टोबरमध्ये खड्डा खणताना आदल्या वर्षीच्या एका कंदावर फावडं बसलं आणि त्याचे उभे दोन तुकडे झाले. जीव हळहळला. टाकून देणार, इतक्यात मधोमध काहीतरी फिकट हिरवं दिसलं. आत नेऊन दिव्याखाली धरलं. बाहेर पांढरे, रसरशीत थर, एकात एक बसलेले. त्यांच्या पोटात पिवळसर पानांचं टोक घट्ट गुंडाळलेलं, आणि पानं सुईने बाजूला केल्यावर कळी! भिंगातून बघितलं तर सहाही पुंकेसर जागच्या जागी होते, मधे तीन कंगोऱ्यांचा स्त्रीकेसर. पाकळ्यांना अजून रंग नव्हता, पण फूल पूर्ण होतं. बोटाच्या नखावर मावेल एवढं.

इतकी वर्षं ट्युलिप लावतेय, आणि माझी समजूत अशी की वसंतात फूल तयार होतं. तसं नाही. वसंतातलं फूल सरलं, पानं सुकली, की उन्हाळ्यात मातीखाली पुढच्या वर्षीचं फूल कंदात घडायला लागतं. आपण कंद लावतो तेव्हा ते तयारच असतं. म्हणून फूल गेल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत कापू नका, असं मी दरवर्षी जिवाच्या आकांताने सांगते. पानं त्या कळीसाठीच साठवण करत असतात.

मग थंडी कशाला, तर दांड्यासाठी. ट्युलिपला साधारण १२ ते १६ आठवडे गारवा लागतो, पाच अंशांच्या आसपासचा. तो मिळाला तरच वसंतात दांडा भराभर लांबतो. नाही मिळाला, तर फूल जमिनीलगत खुरटं उमलतं किंवा कळी आतल्या आत वाळून जाते. तुम्हाआम्हाला नकोसा झालेला हा बर्फ त्या कळ्यांना हवा आहे. ऑक्टोबरपासून हा फोटो मी फ्रिजवर लावून ठेवलाय आणि जाता-येता बघते.

विषय: उत्तर: उत्तर: गराजमधले कंद
८ फेब्रुवारी, रात्री उशिरा

काकू, तुमची मेल वाचून लगेच गराजमध्ये गेलो. शरदात आणलेली ट्युलिपची पिशवी फळीवर तशीच पडलेली आहे. बाबांच्या आजारपणात लावायचं राहूनच गेलं. बारा कंद आहेत. मेले असतील का हो? आत फूल आहे हे कळल्यापासून चैन पडत नाहीये.

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: गराजमधले कंद
९ फेब्रुवारी

अरे, घाबरू नकोस. आधी बाबा कसे आहेत ते कळव.

कंद एकेक करून हातात घे आणि दाब. टणक आणि वजनदार असतील तर जिवंत आहेत. मऊ पडलेले, कुबट वास येणारे किंवा हलके पोकळ वाटणारे टाकून दे. तुझं गराज तापवलेलं नाही ना? मग त्यांची थंडी तिथेच चालू आहे, पण कुंडीत आजच लाव, कारण मुळं अजून फुटायची आहेत. भोकं असलेली खोल कुंडी घे, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोलीवर, टोक वर करून ठेव. पाणी एकदा नीट घाल, आणि कुंडी परत गराजमध्येच ठेव. घरात आणायची घाई करू नकोस. फुलं उशिरा येतील, थोडी आखूड येतील, पण येतील.

आणि जवळपास सफरचंदांची पेटी असेल तर हलव. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्याने कंदातली कळी मरते. फ्रिजमध्ये कंद ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

विषय: उत्तर: माझं पट्ट्यांचं ट्युलिप
१२ फेब्रुवारी

ट्युलिपचाच विषय निघालाय म्हणून हा फोटो. लाल फुलावर पांढऱ्या ज्वाळा, प्रत्येक पाकळीवर वेगळ्या, कुणीतरी कुंचल्याने ओढल्यासारख्या. लावलं तेव्हा साधं लाल होतं. दुसऱ्या वर्षी असं आलं आणि मी आनंदाने सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

मग वाचलं. असे पट्टे विषाणूमुळे येतात आणि तो विषाणू मावा नावाची कीड पसरवते. नेदरलँड्समध्ये अशाच पट्टेदार कंदांसाठी लोकांनी घराच्या किमती मोजल्या, १६३७च्या फेब्रुवारीत तो सगळा बाजार कोसळला, आणि पट्टे कशाने येतात ते सिद्ध व्हायला १९२८ उजाडावं लागलं. कंद वर्षागणिक अशक्त होत जातो आणि शेजारच्या लिलींनाही लागण होते. माझ्या लिली जवळच होत्या. दोन दिवस फक्त बघत बसलो, तिसऱ्या दिवशी मातीसकट उपटून कचऱ्यात टाकलं. इतकं सुंदर फूल मी पुन्हा वाढवलेलं नाही. हा एवढा फोटो उरला आहे.

विषय: उत्तर: फोटोंबद्दल थोडं
१३ फेब्रुवारी

सगळे फोटो एका जागी लावतोय. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. भर उन्हात पांढरं आणि पिवळं फूल जळाल्यासारखं येतं, पाकळीवरच्या शिरा दिसत नाहीत. ढगाळ दिवशी काढून बघा. आणि कॅमेरा फुलाच्या पातळीवर आणा, ताईंनी आणला तसा. वरून काढला तर अर्ध्या फोटोत मातीच येते. फोटोखाली तारीख जरूर लिहा. तीच जागा, तेच फूल, दरवर्षीची तारीख, असं चार-पाच वर्षं जमलं की आपल्या बागेचा वसंत कधी येतो ते दिसायला लागतं. जपानमध्ये क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी थेट इसवी सन ८१२ पर्यंत मागे जातात, आणि २०२१ मध्ये बहर २६ मार्चलाच भरात होता. नोंद होती म्हणून तर ते किती लवकर होतं ते कळलं.

माझा फोटो हेलेबोरचा, २ मार्चचा. पहाटेच्या गोठणीने झाडं पार आडवी झाली होती, गेलीच असं वाटलं. ऊन चढलं तशी एकेक मान वर आली. दिसतात त्या पाकळ्या खरं तर निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं आहेत, म्हणून महिनोन्‌महिने टिकतात.

विषय: उत्तर: उत्तर: १९ नाही, २२
२२ फेब्रुवारी

आला! भिंतीलगतचा बर्फ वितळलाय तिथे चार टोकं वर आली आहेत आणि एका कळीने मान खाली घातली आहे. गेल्या वर्षीपेक्षा तीन दिवस उशीर. तारीख लिहून ठेवली. फोटो थोडा हललाय, हात गारठले होते.

विषय: उत्तर: उत्तर: गराजमधले कंद
२२ फेब्रुवारी, रात्री

ताई, अभिनंदन. काकू, बाबा आता घरात काठी घेऊन चालतात. बारापैकी एक कंद मऊ निघाला. तो बाबांनी स्वयंपाकघरातल्या सुरीने उभा चिरला आणि आम्ही दोघांनी भिंग लावून बघितला. आतली कळी तपकिरी झाली होती, पण सहा पुंकेसर मोजता आले. उरलेले अकरा कुंडीत लावलेत. रोज संध्याकाळी बाबा गराजच्या दारापर्यंत येतात, आत हात घालून माती चाचपतात आणि ओल आहे का ते मला सांगतात.