स्वस्त जागा की मधली जागा?
कुणीतरी सुचवलंय की ठाण्याच्या घोडबंदर रोडसाठी विजेचं सबस्टेशन एका टोकाला, खाडीकडच्या स्वस्त जागेत टाकावं. जागेचे पैसे वाचतील हो, पण केबल तापेल त्याचं काय? भार रस्त्याभर सारखा पसरलाय असं धरा. तीच केबल ठेवून सबस्टेशन टोकावरून मध्यावर आणलं, तर केबलमधला तोटा एक चतुर्थांश होतो, शेवटच्या ग्राहकाकडचा व्होल्टेज ड्रॉपही (वाटेत घटणारा विजेचा दाब) एक चतुर्थांशच. आणि नकाशावर पट्टी टेकवून अंतर मोजू नका. एकीकडे येऊरचे डोंगर, दुसरीकडे खाडी, केबल रस्त्यानेच जाणार. मध्ये जागाच नसेल तर जीआयएस, म्हणजे गॅस-इन्सुलेटेड सबस्टेशन बघा. महाग पडतं, पण जागा खूप कमी लागते. खाडीकाठच हवा असेल तर निदान जोतं उंच घ्या, पावसाळ्यात भरती येतेच.