घरच्या कॉम्प्युटरसाठी फुकट फायरवॉल सुचवा (आउटगोइंगवर ताबा हवाय, पॉपअपचा मारा नकोय)

नमस्कार मंडळी,

घरच्या डेस्कटॉपसाठी फायरवॉल (नेटवरची ये-जा अडवणारं सॉफ्टवेअर) निवडायची आहे, फुकटच हवी, आणि बरंच वाचून झाल्यावरही तीन-चार नावांपाशी अडकलोय म्हणून विचारतोय. मशीनवर विंडोज ११ होम आहे, रॅम ८ जीबी, अँटिव्हायरस म्हणून विंडोजचा स्वतःचा डिफेंडरच ठेवलाय आणि तो बदलायचा नाहीये. आधी एक विकतचं सिक्युरिटी पॅकेज होतं, त्याची मुदत संपल्यावर त्याची फायरवॉल बंद पडली आणि रिन्यू करा रिन्यू करा अशा खिडक्या मात्र उघडत राहिल्या, ते काढून टाकलं. सध्या विंडोजची आपली फायरवॉल चालू आहे.

माझी अडचण अशी आहे की विंडोजची फायरवॉल बाहेरून आत येणारं सगळं नीट अडवते, नियम नसेल तर आत प्रवेश नाही, पण आतून बाहेर जाणाऱ्याला डिफॉल्टमध्ये मोकळं रान आहे. कुठलाही प्रोग्रॅम, मी टाकलेला असो वा दुसऱ्या कशाबरोबर गुपचूप आलेला असो, न विचारता नेटवर जाऊ शकतो. रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कचा टॅब बघितला तर पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचं हेल्पर, एका जुन्या गेमचा अपडेटर, सगळे आपापले कुठेतरी बोलत बसलेले असतात. त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतीलही, पण माझ्या मशीनवरून काय बाहेर जातंय हे मला ठरवता यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू. हा कॉम्प्युटर घरातले सगळे वापरतात. आई वापरते, मुलगी अभ्यासाला वापरते. दर प्रोग्रॅममागे "परवानगी द्यायची का?" असं विचारणारी फायरवॉल बसवली तर दोघी काय करणार हे उघड आहे, अडलेलं काम पुढे सरकावं म्हणून हो म्हणणार, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही कारण खिडकीत जे लिहिलेलं असतं ते वाचून माणसाला उत्तर देता येईल असं ते नसतंच. एसव्हीसीहोस्टला (विंडोजच्याच सेवा चालवणारा प्रोग्रॅम) ४४३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटच्या ये-जा करायच्या दारांचे नंबर) अमुक आयपीला (नेटवरच्या पत्त्याला) जाऊ द्यायचं का, हे मलाही दरवेळी सांगता येत नाही. म्हणजे फायरवॉल कितीही चांगली असली तरी उत्तर देणारा माणूस चुकीचा असेल तर तिचा उपयोग शून्य. मला अशी हवीये जी मुकाट्याने अडवेल, आणि काय मोकळं करायचं ते मी सवडीने, पासवर्ड टाकून ठरवीन.

वाचलेली नावं: कोमोडो, झोनअलार्म, टायनीवॉल, सिंपलवॉल, विंडोज फायरवॉल कंट्रोल, पोर्टमास्टर, ग्लासवायर. कोणी यातलं काही घरात, एकापेक्षा जास्त माणसं वापरतात अशा मशीनवर चालवलंय का? अनुभव सांगा प्लीज.

प्रतिसाद:

आधी एक उलटा प्रश्न, आउटगोइंग अडवून नक्की काय मिळवायचंय? घरच्या मशीनला खरा मोठा फटका नेहमी बाहेरून आत येणाऱ्या गोष्टींनी बसलाय. २००३ च्या ऑगस्टमधला ब्लास्टर (आपोआप पसरणारा व्हायरस) आठवत असेल, १३५ पोर्टवरून नुसता नेटला जोडलेला विंडोज एक्सपी पकडायचा, काही क्लिक करायची गरजच नव्हती. एक्सपीत फायरवॉल होती पण बंद असायची, ती डिफॉल्टने चालू झाली २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं) ४४५ पोर्टवरून पसरलं, आणि त्याचा पॅच, म्हणजे विंडोजमधली दुरुस्ती, मार्चमध्येच आलेला होता. म्हणजे इनकमिंग बंद आणि अपडेट वेळेवर, एवढ्याने घरच्या वापरातला मोठा धोका जातो, आणि ते काम विंडोजची फायरवॉल उत्तम करते. मी तीच ठेवतो, वर काही नाही.

प्रतिसाद:

वरच्यांशी अर्धाच सहमत. इनकमिंगचं म्हणणं बरोबर, त्यात घरी राउटर असतो, तो न मागितलेलं काही आत पाठवतच नाही (आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, चालू असेल तर मात्र तिथे नॅट, म्हणजे राउटरच्या एकाच पत्त्याआड घरची सगळी मशीन लपणं, नसतं, राउटरची स्वतःची फायरवॉल चालू आहे ना हे एकदा बघून घ्या). पण आता माल आत येतो तो माणसाने डाउनलोड केलेल्या फाईलमधून, आणि आल्यावर पहिलं काम काय करतो तर बाहेर फोन लावतो, उरलेला भाग उतरवायला. तो फोन लागला नाही तर बराच खेळ तिथेच थांबतो. सगळा नाही, कारण हुशार मालवेअर तुम्ही आधीच परवानगी दिलेल्या ब्राउझरच्या आडून जातो आणि तिथे कुठलीच साधी फायरवॉल काही करू शकत नाही. तरी अर्धा दरवाजा बंद असणं हे सताड उघडं असण्यापेक्षा चांगलंच.

धागाकर्त्यांच्या वर्णनाला टायनीवॉल चपखल बसतं असं माझं मत. ते पॉपअप देतच नाही, हेच त्याचं तत्त्व आहे. यादीत नाही तो प्रोग्रॅम गुपचूप अडवला जातो, आणि तुम्हाला मोकळा करायचा असेल तर खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवर जाऊन, चालू प्रोसेसच्या यादीतून, किंवा एक्सई फाईल दाखवून, किंवा सरळ त्या प्रोग्रॅमच्या खिडकीवर क्लिक करून यादीत टाकायचा. सेटिंगला पासवर्ड लावता येतो. विंडोज अपडेट वगैरेसाठी तयार सवलती आहेत त्या टिकमार्क करायच्या. पहिल्यांदा ऑटोलर्न मोडवर ठेवून नेहमीचे प्रोग्रॅम एकेकदा उघडून घ्या, पण हे अशा मशीनवरच करा जे स्वच्छ आहे याची खात्री आहे, नाहीतर जे नको तेही शिकून बसेल. एकच तक्रार, काही अडलं तर ते आपणहून सांगत नाही, आईला वाटेल नेट गेलं.

प्रतिसाद:

कोमोडो मी बरेच वर्ष वापरलंय. ताकद प्रचंड, अनोळखी प्रोग्रॅम आपोआप वेगळ्या बंदिस्त जागेत चालवतं, वर हिप्स म्हणजे प्रोग्रॅम सिस्टिममध्ये काय काय हात घालतोय त्यावरही लक्ष. पण ज्याला शांतता हवीये त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि इन्स्टॉल करताना सोबत जे जे टाकू का म्हणून विचारतं ते नीट वाचून टिक काढत जायचं. झोनअलार्म २००० सालाच्या सुमारास फुकट मिळायला लागलं, आउटगोइंग विचारणारी फायरवॉल लोकांच्या घरात त्यानेच नेली असं म्हटलं तरी चालेल, पण आता विंडोजमध्येच खालच्या थरात सगळी यंत्रणा आहे (व्हिस्टापासून) तर वेगळं जड पॅकेज कशाला. ग्लासवायरचे ग्राफ बघायला मस्त आहेत, नेमकं कोण किती खातंय ते कळतं, मी ते बघायचं साधन समजतो, अडवायचं नाही.

प्रतिसाद:

टायनीवॉलला +१, पण विंडोज फायरवॉल कंट्रोल पण बघाच. हे बिनीसॉफ्टचं, २०१८ मध्ये मालवेअरबाइट्सने घेतलं, अजून फुकट आहे. ही वेगळी फायरवॉल नाहीच, विंडोजच्याच फायरवॉलला चांगलं हँडल बसवलंय असं समजा. मीडियम फिल्टरिंगवर ठेवलं की नियम नसलेलं आउटगोइंग बंद, नोटिफिकेशन हवं तर चालू नको तर पूर्ण बंद, आणि काय काय अडवलं गेलं त्याची यादी बघता येते, म्हणजे वर जी तक्रार केलीये ती इथे नाही. संध्याकाळी बसून यादी बघायची, ओळखीचं दिसलं की नियम करायचा. दुसरं म्हणजे बरेच प्रोग्रॅम इन्स्टॉल होताना अॅडमिनचा अधिकार मिळाल्यामुळे विंडोज फायरवॉलमध्ये स्वतःच स्वतःला परवानगी लिहून घेतात, हे फार लोकांना माहीतच नसतं, तर याच्यात सिक्युअर रूल्स म्हणून सोय आहे, असे परस्पर घुसवलेले नियम ते बंद करतं किंवा काढून टाकतं. याला पण पासवर्ड आहे.

सिंपलवॉल हलकं आहे, ओपन सोर्स आहे, मला आवडतं, पण काढून टाकायचं असेल तर आधी त्याच्यातलं "डिसेबल फिल्टर्स" दाबा आणि मग अनइन्स्टॉल करा, नाहीतर फिल्टर तसेच मागे राहतात आणि प्रोग्रॅम गेला तरी नेट बंदच, आणि मग माणूस राउटर रिस्टार्ट करत बसतो.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे टायनीवॉल किंवा विंडोज फायरवॉल कंट्रोल. अडवलेल्यांची यादी दिसते हे मला फार महत्त्वाचं वाटतंय, कारण आईने "हे चालत नाहीये" सांगितलं की मला मागे जाऊन बघता आलं पाहिजे, तर दुसऱ्याकडे कल आहे. दोन्ही एकदम चालवले तर? आणि एक, वेगळं काही न टाकता विंडोजच्याच अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये आउटबाउंड ब्लॉक केलं तर तेच होणार नाही का?

प्रतिसाद:

दोन्ही एकदम अजिबात नको. एकाने मोकळं केलेलं दुसरा अडवतो आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.

विंडोजमध्येच करता येतं, होम एडिशनमध्येसुद्धा. अॅडव्हान्स्ड सिक्युरिटीवाली फायरवॉलची खिडकी उघडा, प्रॉपर्टीज, तिथे डोमेन प्रायव्हेट पब्लिक (नेटवर्कचे प्रकार) असे तीन टॅब आहेत, प्रत्येकात आउटबाउंड ब्लॉक करायचं. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), डीएचसीपी (राउटरकडून आपला पत्ता घेणं) यांचे नियम आधीपासून असतात त्यामुळे नेट जोडलेलं राहतं, पण ब्राउझर लगेच बंद पडेल, विंडोज अपडेट पण, कारण त्यांच्यासाठी नियम नाही. तो हाताने करायचा. आणि आउटगोइंग अडवल्यावर विंडोज काही सांगत नाही, लॉग चालू करून मजकुराच्या फाईलीत शोधायचं, आणि त्या लॉगमध्ये आयपी आणि पोर्ट असतात, प्रोग्रॅमचं नाव नसतं. करून बघितलंय, शिकायला छान, रोजच्याला नाही. एवढ्यासाठीच ते कंट्रोलवालं घ्यावं.

बाकी तीन गोष्टी कराच. काहीही बदलायच्या आधी त्याच खिडकीतून पॉलिसी (फायरवॉलचे सगळे नियम) एक्स्पोर्ट करून फाईल बाजूला ठेवा, गोंधळ झाला तर ती परत आत घेता येते. पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए (विंडोजमधलेच स्क्रिप्ट चालवणारे प्रोग्रॅम) यांना आउटबाउंडमध्ये स्पष्ट ब्लॉकचा नियम लावा, घरातल्या कोणाला यांच्यातून नेटवर जायची गरज पडत नाही आणि मेलमधून आलेल्या फाईली बरेचदा यांच्याच आडून माल उतरवतात. ब्लॉक नियम अलाउच्या वर चालतो, त्यामुळे नंतर चुकून परवानगी दिली तरी अडलेलंच राहील. तिसरं, आई आणि मुलीला स्टँडर्ड अकाउंट (अॅडमिनचे अधिकार नसलेलं) करून द्या. अॅडमिन अकाउंटवर चालणारा प्रोग्रॅम फायरवॉलच बंद करू शकत असेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

प्रतिसाद:

अजून एक, काही प्रोग्रॅम प्रत्येक अपडेटला नवीन व्हर्जन नंबरच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात, खासकरून युजरच्या अॅपडेटा फोल्डरमध्ये इन्स्टॉल होणारे चॅटचे प्रोग्रॅम. नियम फाईलच्या पत्त्यावर असतो, पत्ता बदलला की नियम गेला. मुलगी म्हणाली क्लासचं अॅप काल चालत होतं आज नाही, तर पहिल्यांदा हे बघा.

आणि बसवून झाल्यावर ऑनलाइन पोर्ट तपासणाऱ्या साइटवर जाऊन सगळं हिरवं दिसलं म्हणून खूश होऊ नका, राउटरच्या मागे असाल तर ती साइट तुमच्या राउटरला तपासते, तुमच्या कॉम्प्युटरला नाही.

धागाकर्ता:

हे सगळं लिहून घेतलं. स्टँडर्ड अकाउंट आजच करतो, पॉलिसी एक्स्पोर्ट करून मग विंडोज फायरवॉल कंट्रोल टाकतो, नोटिफिकेशन बंद ठेवून. एक शेवटचं, वायफायवरचा प्रिंटर आहे, छपाई होते पण प्रिंटरवरचं बटण दाबून स्कॅन कॉम्प्युटरवर पाठवलं की पोचत नाही, आताच्या साध्या सेटिंगमध्येसुद्धा. हा फायरवॉलचाच भाग का?

प्रतिसाद:

बहुतेक हो. छपाई तुमच्याकडून प्रिंटरकडे जाते म्हणून चालते, बटणवालं स्कॅन प्रिंटरकडून तुमच्याकडे येतं म्हणजे इनकमिंग. घरचं वायफाय सेटिंगमध्ये पब्लिक म्हणून नोंदलं गेलंय का बघा, असेल तर प्रायव्हेट करा, आणि प्रिंटरच्या स्कॅन प्रोग्रॅमला इनबाउंडमध्ये फक्त प्रायव्हेटसाठी आणि फक्त लोकल सबनेटवरून (म्हणजे घरच्याच नेटवर्कवरून) परवानगी द्या. पूर्ण फायरवॉल बंद करून बघू नका, तसं बघायचीही गरज नाही, तात्पुरतं कॉम्प्युटरवरूनच स्कॅनचं सॉफ्टवेअर उघडून स्कॅन मागवा, ते चालेल.