नुसतं बघूनही हाती लागतं
"सर्जनने महिनाभर परदेशातल्या हॉस्पिटलात जाऊन नुसतं बघायचं, त्यात काय शिकणार?" असं एकाने विचारलंय. खरंय, तिथली नोंदणी नसेल तर अमेरिका-ब्रिटनमध्ये पेशंटला हात लावता येत नाही. पण मला मिळालं ते ऑपरेशन थिएटरबाहेर. गुदद्वार नसलेल्या बाळांसाठीची, १९८२ साली प्रसिद्ध झालेली, सर्जन पेन्या यांच्या पद्धतीची शस्त्रक्रिया आपल्याकडे होतेच. पुढे मूल शाळेच्या वयाचं झालं तरी काहींची शी ताब्यात राहत नाही, त्याचं काय? तिथे आठवडाभर रोज पोटाचा एक्स-रे काढून एनिमाचं प्रमाण बदलत नेतात. सलाईन, ग्लिसरीन, रबरी नळी, बस! नागपुरात परतून तेच सुरू केलं. बालाघाटची एक आई एनिमाची रोजची वेळ वहीत लिहून आणायची. पोरगं आता डायपरविना शाळेत जातं. तिकीट मात्र माझ्या खिशातून, आणि रजा बिनपगारी!